पान चारवरची चाळणी

अरासेली काव्हाझोसला त्या प्रयोगशाळेत कोणी काही शिकवलं नाही, म्हणून तिने पुस्तिका वाचली. तिचा गुन्हा म्हणायचा तर एवढाच.

पुस्तिका म्हणजे स्टेपल मारलेली, कॉफीचे डाग पडलेली बावीस पानं. ओढ्यातून भरून आणलेल्या बाटल्या कशा उघडायच्या, गाळ कोणत्या चाळणीवर धुवायचा, किडे कसे वेचायचे, तक्त्यावर आद्याक्षरं कुठे घालायची, सगळं त्यात होतं. पहिल्या दिवशी रीडने ती तिच्यापुढे टाकली. "यात सगळं आहे. अडलं तर विचार." दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, तर म्हणाला, "पुस्तिकेत नाहीये का?" तिसऱ्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं आणि पुस्तिका पाठ केली.

रीड हूकस्त्रा हा प्राध्यापक ऑस्टरांचा पीएच.डी.चा विद्यार्थी, चार वर्षं त्याच खोलीत मुरलेला. वडील प्राध्यापक, आई प्राध्यापक, आणि हा लहानपणापासून दर उन्हाळ्यात याच तळ्यावर होडी वल्हवायला येणारा. केंद्रातलं कुठलं दार ढकलायच्या आधी जरा उचलावं लागतं हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. असल्या माणसाला पुस्तिका कशाला लागते?

केंद्र मिशिगनच्या पार उत्तरेला, जुन्या तांब्याच्या खाणींच्या मुलखात. दर उन्हाळ्यात दहा आठवडे तिथे आठ मुलं आणत. ज्या घरांतून, ज्या समाजांतून विज्ञानात सहसा कोणी दिसत नाही, तिथली निवडून आणत. माहितीपत्रकावर हसरे चेहरे आणि हातात परीक्षानळ्या. प्रत्यक्षात जेवणघरातल्या वाढप्यांपासून ऑस्टरांपर्यंत सगळे त्यांना 'समरवाले' म्हणायचे. समरवाल्यांना हे झेपेल का, समरवाल्यांनी मायक्रोस्कोप उघडाच ठेवला. तो उघडा ठेवलेला असायचा रीडनेच, पण ते जाऊ द्या.

अरासेली टेक्सासच्या अगदी खालच्या टोकाची. नदी ओलांडली की मेक्सिको. तिची आई फळं भरण्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून ग्रेपफ्रूट निवडायची, आणि शाळेच्या चार उन्हाळी सुट्ट्या अरासेलीही त्याच पट्ट्यापाशी उभी राहिली होती. तिला इथून एकच गोष्ट घेऊन जायची होती. ऑस्टरांचं शिफारसपत्र. पीएच.डी.च्या अर्जाला तीन पत्रं लागतात. दोन तिच्या कॉलेजातल्या शिक्षकांनी दिली असती, पण त्या दोघांना त्यांच्या गावाबाहेर कोणी ओळखत नव्हतं. ऑस्टरांना ओळखणारे लोक मात्र देशभरच्या निवड समित्यांत बसलेले होते. ते पत्र मिळालं तर दार उघडणार, नाही मिळालं तर परत पट्ट्यापाशी. इतकं सरळ गणित होतं.

ऑस्टर स्वतः गोड बोलायचे. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मला वेंडेल म्हण. इथे आम्ही सगळे नावानेच हाका मारतो." अरासेलीला ते काही केल्या जमेना. साठीच्या माणसाला नावाने हाक मारली असती तर आईने घरात घेतलं नसतं. ती 'सर' म्हणायची, ते दर वेळी दुरुस्त करायचे, आणि तेवढीच काय ती पाच आठवड्यांतली त्यांची शिकवण.

तिचं काम बाटल्यांचं होतं. ओढ्याचा गाळ, पानं, वाळू आणि त्यात दगडांखाली राहणाऱ्या अळ्या, सगळं अल्कोहोलमध्ये बुडवलेलं. पान चार सांगत होतं, गाळ पाव मिलिमीटरच्या चाळणीवर धुवा. मग पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा, मायक्रोस्कोपखाली चिमट्याने एकेक अळी वेचा. डोकं असेल तरच मोजा. सुटी धडं आणि शेपट्या सोडून द्या, नाहीतर एकीच्या दोन होतात. एका बाटलीला अख्खा दिवस जायचा. अल्कोहोलच्या वासाने डोकं भणभणायचं, मान धरायची. ती मात्र डोळ्यांत तेल घालून वेचत राहायची. सगळ्यांत लहान अळ्या जिऱ्याच्या टोकाएवढ्या, रंग वाळूचाच. त्या सापडल्या की तिला उगाच बरं वाटायचं. तिला कोणी विचारत नव्हतं, पण अळ्या तरी सापडत होत्या.

"बाई, तू एका बाटलीत म्हातारी होणार," केलिन म्हणायची. केलिन कोम्ब्स तिच्याच खोलीत झोपायची, त्याच प्रयोगशाळेत दगडांवरचं शेवाळ खरवडायची. केन्टकीच्या कोळशाच्या डोंगरांतली. बाप खाणीतून छाती खराब करून घरी बसलेला, आणि घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ही पहिली. तोंडाने फटकळ. "रीड एका दिवसात चार उडवायचा म्हणे."

"चार? कसं शक्य आहे?"

"त्याला विचार."

"तो म्हणेल पुस्तिकेत आहे."

दोघी खूप हसल्या. त्या केंद्रात पोट धरून हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारच्या बैठकीत, रीडने भिंतीवर आलेख लावला. लांब टेबलाभोवती ऑस्टर, दोन-तीन संशोधक आणि कोपऱ्यात या दोघी. तीन वर्षांचे तीन बुटके खांब, आणि शेजारी यंदाचा खांब दुपटीहून उंच.

"ही तीन वर्षं मी मोजलेली," रीड म्हणाला. "बाटलीमागे नव्वदच्या आसपास अळ्या. आणि हे यंदाचं. दोनशे, दोनशे दहा, एकशे पंच्याण्णव. एकतर ओढ्यात चमत्कार झालाय, नाहीतर कोणीतरी बसल्या जागी आकडे पाडलेत."

कोणी अरासेलीकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

"मी पाडले नाहीत," ती म्हणाली.

"मी नाव घेतलं का तुझं?"

"मोजणारी मी एकटीच आहे."

"मग तूच सांग." रीड खुर्चीत मागे रेलला. "हे बघ, तुमच्या कार्यक्रमात नुसता उत्साह चालत असेल. इथे आकडे खरे लागतात. थकलीस, कंटाळलीस, अंदाजाने लिहिलंस, तर तसं सांग. लाज कसली त्यात."

खोटं बोलल्याचा आरोप अरासेलीवर आयुष्यात कधी झाला नव्हता. चोरी म्हणाला असता तरी तिने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. आणि आरोप टिकला तर काय, हे तिला न सांगताच कळत होतं. आकडे बनवणाऱ्या मुलीला पत्र कोण देतो? दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवून परत पाठवलं असतं.

"वेचलेल्या अळ्या कुप्यांमध्ये जपून ठेवल्यात," ती म्हणाली. "पान नऊ. कुठलीही कुपी काढा आणि मोजा."

ऑस्टरांनी मान हलवली. रीडने मुद्दाम मधलीच एक कुपी काढली, दोनशे चौदाची. ती ट्रेमध्ये ओतली आणि मायक्रोस्कोपपाशी बसला. हातातल्या, दाबून मोजायच्या यंत्राचा टिकटिक आवाज खोलीभर घुमत होता. वीस मिनिटं कोणी उठलं नाही. जेवणाची घंटा होऊन गेली, तरी नाही.

"दोनशे तेरा," रीड म्हणाला. आवाज जरा खाली आला होता, पण मोडला नव्हता. "एक कमी."

"टोपणाला चिकटली असेल," अरासेली म्हणाली.

टोपणाच्या आत होती. ऑस्टरांनी स्वतः पाहिली.

आता माफी मागायची पाळी होती. कोणी मागितली नाही. ऑस्टर ट्रेकडे पाहत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "किती बारीक आहेत या. कुठली चाळणी वापरलीस तू?"

"बारीक. पाव मिलिमीटरची. पान चार."

रीड हसला. "बारीक कोणी वापरत नाही. तिच्यात चिखल अडकतो, अख्खा दिवस जातो. एक मिलिमीटरची घ्यायची असते. सगळ्यांना माहितीये हे."

"मला नव्हतं माहीत," अरासेली म्हणाली. "पुस्तिकेत नाहीये."

पुस्तिका ऑस्टरांनीच लिहिलेली होती. त्यांचा चेहरा कसा झाला ते अरासेलीने नीट पाहिलं आणि तिला ते पाहायला आवडलं, हे इथे सांगून टाकलेलं बरं. कारण गोष्ट तिथे संपत नव्हती. वसंतात ऑस्टर आणि रीड यांचा शोधनिबंध एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला होता. खाणीखालच्या ओढ्यात लहान अळ्या उरल्याच नाहीत, तिथे आता पिल्लं जगत नाहीत, असा त्याचा गाभा. आणि मोजणीची पद्धत म्हणून त्यात छापलं होतं: पाव मिलिमीटरची चाळणी. अळ्या ओढ्यात होत्याच. तीन वर्षं त्या रीडच्या जाड चाळणीतून सिंकमध्ये वाहून गेल्या होत्या, आणि त्या वाहून गेलेल्यांवर यांनी निबंध उभा केला होता.

दुसऱ्या दिवशी ऑस्टरांनी तिला एकटीला बोलावलं. दार लावून घेतलं, लिंबू सरबत पुढे केलं.

"तुझं काम उत्तम आहे," ते म्हणाले. "फार बारकाईचं. पण बघ, चार वर्षांचं माप एकच हवं. नाहीतर तुलना कशी होणार? तेव्हा तुझ्या एकोणीस कुप्या जाड चाळणीतून काढ आणि वर राहतील तेवढ्या मोज."

"ठीक आहे, सर. मग तक्त्यावर जाड चाळणी लिहायचं ना?"

"वेंडेल," ते म्हणाले. "तक्ते छापील आहेत. त्यात बदल नको."

"पण छापलंय बारीक."

"अरासेली, डिसेंबरात तुझे अर्ज जाणार. मला तुझ्याबद्दल चांगलं लिहायचंय. तू मला लिहू दे." सरबताचा पेला त्यांनी आणखी पुढे सरकवला. "संघात काम करणं हेही संशोधनच असतं."

ती सरबत प्यायली. प्यायली याचा राग तिला नंतर कितीतरी दिवस येत राहिला.

संध्याकाळी तळ्याच्या धक्क्यावर पाण्यात पाय सोडून तिने सगळं केलिनला सांगितलं. जुलैत तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, डास मात्र सातलाच कामावर येतात.

"मोजून टाक," केलिन म्हणाली. "अळ्यांना काय फरक पडतो? मेलेल्याच आहेत."

"खाली माझी आद्याक्षरं असणार. बारीक चाळणीने मोजलं म्हणून."

"मग? आद्याक्षरंच ती. वाचतो कोण?" केलिनने पायावरचा डास चिरडला. "तू ग्रेपफ्रूट निवडायला परत जाशील आणि रीड प्राध्यापक होईल. एवढंच होईल, अरा. मी नाही जाणार परत. मी दुकानात गल्ल्यावर दोन वर्षं उभी होते. शेजारीपाजारी बिअर घ्यायला येतात आणि विचारतात, कॉलेजचं काय झालं. मला तो प्रश्न नकोय पुन्हा."

केलिन म्हणते ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

पुढचे चार दिवस तिने जाड चाळणीने मोजलं. दोनशे चौदाच्या अठ्ठ्याऐंशी झाल्या. एकशे पंच्याण्णवच्या एक्याऐंशी. अळ्या चाळणीतून खाली पडत, आणि खाली तिने वाडगं धरलं होतं. सिंकमध्ये जाऊ द्यायचा तिला धीर झाला नाही. वाडग्यातल्या सगळ्या तिने परत कुप्यांत भरल्या. मजा म्हणजे त्या चार दिवसांत रीड एकदम माणसात आला. सकाळी तिच्यासाठी डोनट आणून ठेवला, मान दुखते का विचारलं, खुर्ची उंच कशी करायची ते दाखवलं. पाच आठवडे शिवीगाळ चालली असती, पण हा डोनट तिला गिळवेना. तिने तो खिडकीबाहेर खारीला दिला.

तक्त्यांवर तिने छापील 'बारीक'वर एक रेघ मारली, वर 'जाड' लिहिलं, शेजारी आपली आद्याक्षरं घातली आणि एकोणीसच्या एकोणीस तक्ते ऑस्टरांच्या टेबलावर ठेवले.

शुक्रवारी दुपारी ऑस्टर ते तक्ते घेऊन प्रयोगशाळेत आले. रीड संगणकापाशी होता, केलिन सिंकपाशी दगड खरवडत होती.

"हे काय आहे?"

"पान अकरा, सर. छापलेलं चुकीचं असेल तर एक रेघ मारायची, खरं ते वर लिहायचं, आद्याक्षरं घालायची."

"वेंडेल म्हण मला."

"पान अकरा, सर."

रीडने मान न वळवता छपाईयंत्र सुरू केलं. कोरे एकोणीस तक्ते बाहेर आले. त्याने बसून आकडे उतरवले, झरझर, अठ्ठ्याऐंशी, एक्याऐंशी, नव्वद. 'बारीक' हा शब्द जिथल्या तिथे राहिला. मग गठ्ठा तिच्यापुढे आला आणि वर पेन.

"फक्त खाली आद्याक्षरं घाल," ऑस्टर म्हणाले. "त्याशिवाय हे नोंदीत जात नाही. उद्या आकडे पाठवायचेत."

"नाही," अरासेली म्हणाली.

"मोजलंस तूच."

"जाड चाळणीने मोजलं. यावर तसं लिहिलेलं नाही."

"हट्टाला पेटू नकोस."

"मग रीडला सांगा. तीन वर्षं तोच करत आला."

रीड चटकन म्हणाला, "या बाटल्या मी मोजल्याच नाहीत. मी सही कशी करू? उद्या कोणी विचारलं तर?"

"म्हणजे उद्या कोणी विचारू शकतं," अरासेली म्हणाली. "तुम्ही करा मग, सर. निबंध तुमचा आहे."

ऑस्टर हसले. ते हसू पहिल्या दिवशीचंच होतं, फक्त आता त्यात काही मायेचं उरलं नव्हतं. "मी तक्त्यांवर सह्या करत नाही."

पेन टेबलावर पडून राहिलं. तीन माणसं त्याच्याभोवती उभी, आणि एकाचाही हात पुढे होईना. दहा-पंधरा हजार अळ्या मोजलेल्या त्या खोलीत एक अक्षर लिहायला माणूस मिळत नव्हता.

"मी करते," केलिन म्हणाली.

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि टेबलाशी आली. ऑस्टरांकडे तिने पाहिलं नाही, अरासेलीकडे पाहिलं. "तू करणार नाहीस ना?"

"नाही."

"नक्की सांग. तू करत असलीस तर मी मागे सरते. तुझ्या हातातलं ओढून घ्यायचं नाहीये मला."

अरासेलीला तिच्या हातावर फटका मारावासा वाटला. आणि त्याच वेळी पेन हिसकावून आपणच एकोणीस वेळा लिहून टाकावं असंही वाटलं, कारण आता पत्र कोणाला मिळणार ते लख्ख दिसत होतं. क्षणभर तिचा हात खरंच उचलला गेला. मग तिने तो खिशात घातला.

"कर," ती म्हणाली.

केलिनने एकोणीस वेळा आद्याक्षरं घातली. ठळक, नेटकी, शाळेतल्या पोरीसारखी. कुठल्याही अळीचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. रीड एकेक तक्ता उचलून फाईलमध्ये लावत गेला. ऑस्टर म्हणाले, "छान, केलिन. संघात असं काम करावं लागतं." केलिनची मान लाल झाली.

अरासेलीने आपली पुस्तिका उचलली. दारापर्यंत गेली आणि परत वळली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्या खोलीत मोठ्याने बोलली.

"माझ्या पत्राचं काय?"

"देईन की," ऑस्टर म्हणाले. "मागितलं तर कोणाला नाही म्हणत नाही मी. पण मी जे पाहिलं तेच लिहीन. सूचना पाळत नाही, जुळवून घेत नाही. खरं तेच लिहावं लागतं मला."

"लिहा," अरासेली म्हणाली. "फक्त खाली सही स्वतः करा. ती केलिनला करायला सांगू नका."

केलिन पेनाला टोपण लावत होती. तिचा हात तिथेच थांबला.